पाच हुकांची फळी

ग्रामसंघाच्या मे महिन्याच्या सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे बोलणं. बऱ्याच जणींनी मापं लिहून मागितली, म्हणून सगळं इथं छापत आहोत.



मला अध्यक्ष ताईंनी पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय कपडे टांगायच्या फळीचा. विषय ऐकून दोघी-तिघी हसल्या, ते मी बघितलं. हसा. पण आधी एक सांगा, पावसाळ्यात तुमच्या घरात ओले कपडे कुठं असतात? पोरांचा रेनकोट दाराच्या कडीला. मालकांचा सदरा खिडकीच्या गजाला. छत्री कोपऱ्यात, तिच्याखाली पाण्याचं थारोळं. दप्तर जमिनीवर, ओलावा लागून खालच्या वह्या फुगलेल्या. आणि उरलेलं सगळं घरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बांधलेल्या तारेवर. बरोबर का? आता कुणी हसत नाही.

आपल्याकडं डोंगराच्या बाजूला चार महिने पाऊस. त्या चार महिन्यांत घरातल्या बाईचा किती वेळ नुसता कपडे इकडून उचलून तिकडं टाकण्यात जातो, याचा हिशेब कुठल्याच नोंदवहीत नाही.

मी आधी त्या तारेबद्दल बोलणार आहे, फळीबद्दल नंतर.

घरात कपड्यांसाठी आपण लोखंडी तार बांधतो. तिचं एक टोक असतं खिळ्याला, दुसरं बहुतेक वेळा पत्र्याखालच्या अँगलला. त्याच अँगलवरून दिव्याची वायर गेलेली असते. वायर जुनी झाली, उंदरानं कुरतडली, पत्र्याच्या धारेला घासली, की आतली तांब्याची तार उघडी पडते. मग पत्र्यात करंट, अँगलमध्ये करंट आणि कपड्यांच्या तारेतही करंट. कोरडा कपडा टाकताना कदाचित कळणारही नाही. पण ओला कपडा, ओले हात आणि खाली ओल्या जमिनीवर अनवाणी पाय, असं तिन्ही एकत्र आलं की करंट अंगातूनच जमिनीत जातो. पावसाळ्यात असे बळी जातात, पेपरात येतं, आपण वाचतो आणि पान उलटतो.

शेजारच्या वाडीतल्या एका वहिनीला गेल्या श्रावणात असाच झटका बसला. ती फेकली गेली म्हणून वाचली. हात चिकटून राहिला असता तर काय, हे बोलायला नको. तिच्या सासूबाईंनी धावत जाऊन तिला धरलं नाही, आधी मेन स्विच पाडला. ही अक्कल त्या माउलीला कुणी शिकवली माहीत नाही, पण ती आपल्या सगळ्यांना हवी. करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही. मेन स्विच बंद करायचा. तो सापडत नसेल तर कोरड्या जमिनीवर उभं राहून कोरड्या बांबूनं किंवा काठीनं तार बाजूला ढकलायची. मग १०८ ला फोन.

म्हणून पहिलं काम, घरातली लोखंडी तार आजच काढा आणि तिच्या जागी नायलॉनची दोरी बांधा. ती दोरीसुद्धा वायर असलेल्या अँगलला बांधू नका. दुसरं काम, मीटरजवळ ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवलेली आहे का ते वायरमनला विचारा. करंट कुठं गळायला लागला तर ती लगेच वीज तोडते. घरात लाइट आहे आणि ही नाही, असं असेल तर गटातून कर्ज काढून बसवायची मी शिफारस करीन. टीव्हीला आपण कर्ज काढतोच की.

आता फळी. दोरी वाळत घालायला. पण रोजचा रेनकोट, छत्री, दप्तर, टॉवेल, शेतात घालायचा जुना शर्ट, याला दोरी कामाची नाही, याला भिंतीवर जागा पाहिजे. आपल्या आज्यांच्या घरात खुंट्या होत्या. भिंत बांधतानाच लाकडाची खुंटी आत घालत, अर्धी भिंतीत, अर्धी बाहेर, टोक जरा वर उचललेलं. घरं विटांची झाली, खुंट्या गेल्या आणि आपण खिळे ठोकायला लागलो. खिळा ठोकला की प्लास्टर उडतं, महिन्याभरात खिळा हलतो, सहा महिन्यांत दप्तरासकट खाली. बाजारात ते चिकटवायचे हुक मिळतात, तेही आपल्या भिंतीला उपयोगाचे नाहीत. चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर हुक चिकटतो तो रंगाला, भिंतीला नाही. रंगाचा पापुद्रा निघाला की हुक हातात.

फळी घ्या ३ फूट लांब, ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड. विकत आणायच्या आधी माळ्यावर बघा. जुन्या दाराची फळी, मोडलेल्या पलंगाची पाटी, मशिनच्या पॅकिंगची लाकडं, काहीही चालेल. दोन गोष्टी बघायच्या. वाळवीनं पोखरलेली नको, म्हणजे बोटानं वाजवून पोकळ आवाज येतो का ते बघा. आणि लांबीच्या बाजूनं चिरलेली नको. सागाची असेल तर नशीब. बाभळीची असेल तर टिकेल, पण भोक पाडताना घाम काढेल. जुने खिळे सगळे उपटून काढा, नाहीतर करवतीचे दात जातील.

पॉलिश पेपर दोन प्रकारचे घ्या, आधी खरखरीत, मग बारीक. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासायचं, आडवं नाही. कडा गोल करा, नाहीतर साडीचा धागा अडकतो.

मापं लिहून घ्या. फळीच्या डाव्या टोकापासून ४ इंचावर पहिली खूण. तिथून दर ७ इंचांवर पुढची. म्हणजे ४, ११, १८, २५ आणि ३२. या पाच खुणांवर पाच हुक. शेवटच्या हुकापासून टोकापर्यंत परत ४ इंच उरतात, जुळलं की नाही बघा. भिंतीत जाणारे स्क्रू दोन हुकांच्या बरोबर मधे. पाच हुकांमधे चार जागा, म्हणून चार स्क्रू. त्यांच्या खुणा साडेसात, साडेचौदा, साडेएकवीस आणि साडेअठ्ठावीस इंचांवर.

हार्डवेअरच्या दुकानात गेलात की पट्टीचा हुक मागा, मागं सपाट पत्रा आणि दोन भोकं असलेला. आट्यांचा हुक, जो फिरवून घुसवतात, तो स्वस्त पडतो, पण पोरं लोंबकळली की फिरतो. पट्टीचा हुक फिरत नाही. हुकासाठी अर्धा इंची छोटे स्क्रू १० लागतील. फळी पाऊण इंचाची आहे, त्यापेक्षा लांब स्क्रू घेतला तर मागून टोक बाहेर येईल. भिंतीसाठी ३ इंची, १० नंबरचे स्क्रू ४ आणि ते ज्यात बसतात त्या २ इंची प्लास्टिकच्या गिट्ट्या ४. कुणी गिट्टी म्हणतं, कुणी रावलप्लग. भिंतीत भोक पाडायचा बिट बहुतेक ८ चा लागेल, पण दुकानदाराला काउंटरवरच तिन्ही एकमेकांशी लावून दाखवायला सांगा. गिट्टी भोकात हातोडीनं हळू ठोकून बसली पाहिजे. बोटानं सरकली तर भोक मोठं झालं. लाजू नका दुकानात. आपण मंगळसूत्र घेताना कडी चार वेळा बघतो, तर स्क्रू का नाही बघायचा?

मला आमच्या तालुक्याच्या बाजारात पडलेला खर्च सांगते. हुक १५ रुपयांना एक, पाचाचे ७५. सगळे स्क्रू आणि गिट्ट्या मिळून ३०. पॉलिश पेपर दोन, ३०. झाले १३५. फळी घरची. रंग दाराला लावून उरलेला.

रंग नसेल तर जवसाचं तेल चालतं. फडक्यानं पातळ हात द्यायचा, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, मग दुसरा हात. पण ते तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर सुटं पसरून कडक वाळवा, मग टाका.

आता भोकं. आधी फळीला. स्क्रू थेट लाकडात घुसवू नका, फळी चिरते, बाभूळ तर नक्की चिरते. हुकाच्या स्क्रूसाठी बारीक खिळा थोडासा ठोकून काढून घ्या, तेवढं भोक पुरतं. आटे साबणावर घासले की स्क्रू सहज जातो. भिंतीच्या चार स्क्रूंसाठी फळीला आरपार भोकं पाडा. हुक बसवून घ्या. मग फळी भिंतीला धरायची, दोघी लागतात, आणि वर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवायची. पाणी दोन्ही टोकांना सारखं दिसलं की फळी सरळ. फळीच्या भोकांतून खिळा घालून भिंतीवर चार खुणा करा आणि फळी खाली घ्या.

ड्रिल मशीन हातात घ्यायच्या आधी मी जे सांगते ते ऐका, मागच्या बाजूची कुजबुज जरा थांबवा. पदर खोचायचा, नुसता कमरेला नाही, घट्ट. वेणी असेल तर अंबाडा. ओढणी काढून ठेवायची. बांगड्या वर सारायच्या किंवा काढायच्या. फिरणाऱ्या बिटात कापडाचं टोक गेलं तर मशीन कापडाला गुंडाळत अंगापर्यंत येतं, बटण सोडायला वेळ मिळत नाही. डोळ्यांना चष्मा, साधा उन्हाचा असला तरी चालेल, कारण विटेचा कण डोळ्यात गेला तर दवाखाना आहे. पाय कोरडे, पायात चप्पल. स्टुलावर उभी राहणार असाल तर दुसरीनं स्टूल धरायचं.

आणि कुठं भोक पाडायचं नाही? स्विच बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूला. भिंतीच्या आतून वायर साधारण याच रेषांनी जाते. बोर्डापासून फळी लांबच हवी, कारण तिच्यावर ओलं टांगणार आहोत. चुलीच्या वर नको, रेनकोट प्लास्टिकचा असतो, धग लागली तर वितळून खाली पडतो. घरात जागा निवडताना मी ओसरीची आतली भिंत निवडीन. पाणी खाली निथळलं तर बाहेर जातं.

बिटावर टोकापासून सव्वादोन इंचांवर चिकटपट्टीची खूण करा, तिथपर्यंत गेलं की थांबायचं. मशीनवर हातोडीचं चित्र असलेलं बटण असतं, विटेला आणि काँक्रीटला ते लावायचं, लाकडाला नाही. जोर देऊन रेटू नका. अधूनमधून बिट बाहेर काढा म्हणजे भुकटी निघते. शेवटी उरलेली भुकटी सायकलच्या पंपानं उडवा, तोंडानं फुंकाल तर सगळी डोळ्यात येईल. गिट्टी भिंतीच्या बरोबरीनं बसली की फळी लावायची.

एक छोटी गोष्ट, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. फळी आणि भिंत यांच्यामधे प्रत्येक स्क्रूपाशी जुन्या चपलेच्या रबराचा पाव इंचाचा तुकडा घाला, मधे भोक पाडून. पावसाळ्यात भिंत ओल धरते. फळी भिंतीला चिकटून असली की मागून कुजते, बुरशी येते आणि कपड्यांना वास मारतो. पाव इंच फट असली की वारा खेळतो. म्हणूनच मी ३ इंची स्क्रू म्हटलं. पाऊण इंच फळीत, पाव इंच रबरात, बाकी दोन इंच भिंतीत. त्यातला अर्धा इंच प्लास्टरमधे जातो, खरी पकड उरलेल्या दीड इंचाची.

लगेच कपडे टांगू नका. बादलीत पाच लिटर पाणी घ्या, म्हणजे पाच किलो वजन, आणि एकेका हुकाला पंधरा-पंधरा मिनिटं टांगा. फळी हलली, भुकटी पडली, तर तिथली पकड कच्ची आहे. जुन्या विटा ठिसूळ असतात, भोक भसकतं. मग त्याच भोकात मोठा स्क्रू कोंबण्यापेक्षा दोन इंच बाजूला नवीन भोक पाडलेलं बरं. आणि पाच किलोला टिकली म्हणून ओली गोधडी टांगायची नाही. गोधडी दोरीवरच.

आता ज्यांच्या भिंती मातीच्या आहेत त्या म्हणतील, आमचं काय? मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, ड्रिल लावूच नका. तिथं भिंतीऐवजी वाशाला फळी टांगा. फळीच्या दोन टोकांना भोकं पाडून जाड नायलॉन दोरी ओवायची आणि वर वाशाला बांधायची, वासा चांगला असेल तर. फळी झुलू नये म्हणून भिंतीला टेकलेली राहू द्या. दुसरा उपाय, तीन बांबू वरच्या बाजूला एकत्र बांधून तिवई करायची आणि फुटव्यांचे बेचके ठेवायचे, तेच हुक. खर्च दोरीचा तेवढा. दगड-मातीच्या भिंतीत सांध्यामधे सागाचा गट्टू ठोकून त्यात स्क्रू धरतो, पण तो गवंड्याच्या हातून ठोकून घ्या, भिंतीचा दगड हलता कामा नये. पत्र्याच्या घरात पत्र्याला भोक पाडलं तर पाणी आत येईल. फळी लाकडी खांबाला बसवा.

उंचीबद्दल. आपण सगळं पुरुषमाणसाच्या हाताच्या अंदाजानं लावतो, म्हणून ते वर जातं. मग पोरं स्टूल ओढतात आणि म्हाताऱ्या सासूबाई कुणाला तरी हाक मारत बसतात. मोठ्यांसाठी पाच फुटांवर लावा आणि पोरांसाठी दुसरी, दोन हुकांची, तीन फुटांवर. माझ्या घरात खालची फळी लागल्यापासून धाकटा शाळेतून आला की दप्तर स्वतः टांगतो. पाचवेळा सांगावं लागतं ते वेगळं. सासूबाईंनीही खालचाच एक हुक पटकावलाय, काठी आणि लुगड्याची पिशवी तिथंच असते.

विंचवाचं राहिलं. जमिनीवर पडलेल्या कपड्यात, बुटात, गोणपाटाच्या ढिगात विंचू बसतो. कपडे टांगलेले असले की धोका कमी होतो, जात नाही. टांगलेला कपडाही झटकूनच घालायचा. आणि विंचू चावलाच तर मांत्रिकाकडं वेळ घालवायचा नाही, पोरगं असेल तर अजिबात नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर विंचूदंशावर काम केलं, प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीनं जीव वाचतात हे दाखवून दिलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे. सरकारी दवाखान्यात लवकर पोचणं आपल्या हातात आहे.

दोन गटांनी विचारलंय की हा व्यवसाय होईल का. खरं सांगू? सगळ्यांसाठी नाही. हिशेब बघा. सामान १३५ चं. आठवड्याच्या बाजारात ३०० ला विकली तर हातात १६५. दोघींनी मिळून दिवसाला चार केल्या तर ६६०, म्हणजे एकीला ३३०. हे झालं फळी फुकटची असताना. लाकूड विकत घेतलं आणि ते फळीमागं १०० रुपये धरलं, तर एका नगामागं ६५ उरले, चाराचे २६०, एकीला १३०. मग खुरपायला गेलेलं बरं. म्हणून ज्यांच्याकडं जुनं लाकूड आहे किंवा सुताराकडचे तुकडे स्वस्तात मिळतात, त्यांनीच करावं आणि तेही आधी दहा नग करून गावातच विकून बघावं. महालक्ष्मी सरसला नेऊ या, असं एक ताई मघाशी म्हणाल्या. मुंबईपर्यंत तीन फुटी फळ्या नेण्याचं भाडं आधी विचारा. अंगणवाडीला मात्र पोरांच्या उंचीची फळी नक्की लागते, सेविका ताई इथं बसल्यात, त्यांच्याशी आजच बोला.

शेवटचं, मशीनबद्दल. ग्रामसंघानं घेतलेलं ड्रिल ऑफिसच्या कपाटात आहे, सोबत विटेचे दोन बिट आणि लाकडाचा एक. सदस्यांना एका दिवसाला २० रुपये. नेताना नोंदवहीत सही, आणताना वायर तपासून सही. वायर कुठं सोलली असेल तर वापरू नका, तशीच परत आणा आणि सांगा. घरातल्या पुरुषांनी मागितलं तरी नोंद सदस्याच्याच नावावर होईल, हे ठरलेलं आहे. ज्यांनी कधी मशीन हातात धरलं नाही, त्यांनी येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता ऑफिसच्या मागं या. तिथं पडक्या विटांची भिंत आहे, तिच्यावर प्रत्येकीनं दोन-दोन भोकं पाडायची. येताना चप्पल घालून आणि पदर खोचून या.